पाळण्यातली चाल

पाळण्याच्या कडेच्या चिंचोळ्या पडद्यावर चौथ्या दिवशीही तोच आकडा उमटला. ओळख नऊ टक्के. खाली बारीक अक्षरांत तीच ओळ : 'हे बाळ या चालीत वाढलेलं दिसत नाही.'

पाळण्यात माझी बत्तीस दिवसांची मुलगी गुडघे पोटाशी घेऊन, मुठी आवळून, लालबुंद होऊन रडत होती. पाळणा तिला माझ्या चालीनं हलवत होता आणि ती त्या चालीवरच चिडल्यासारखी रडत होती.

"बॅटरी उतरली असेल," आप्पा दारातून म्हणाले.

"आप्पा, तो विजेवर चालतो."

"मग व्होल्टेज," असं म्हणून ते डाव्या गुडघ्यावर हात ठेवत पायऱ्या उतरून गेले. माझे वडील तासगावात पाणीपुरवठ्याला चावीवाले होते. तीस वर्षं गल्लोगल्ली फिरून त्यांनी व्हॉल्व्ह सोडले आणि बंद केले. निवृत्त झाले तरी संध्याकाळी त्याच वाटेनं एक फेरी मारल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. जगातला कुठलाही बिघाड त्यांच्या मते एकतर व्होल्टेजचा असतो, नाहीतर नळाच्या वायसरचा.

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. मुलगी पहिले दहा दिवस शहाण्यासारखी झोपली. अकराव्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता तिनं जे सुरू केलं ते आठ-साडेआठला थांबलं, आणि मग रोज तसंच. ओव्याची धुरी झाली, बेंबीभोवती हिंग लावून झाला, खांद्यावर टाकून पाठ थोपटून हात भरून आले. डॉक्टरीणबाईंनी घरी येऊन दोनदा तपासलं. "पोट मऊ आहे, वजन छान वाढतंय, दूध पितेय. आतडी अजून कच्ची आहेत. तीन महिन्यांत आपोआप थांबेल," त्या म्हणाल्या. तीन महिने हा शब्द त्यांच्या तोंडून किती सहज निघाला! शेवटी त्यांनीच आरोग्य केंद्रातून चालपाळणा पाठवून दिला.

हा पाळणा समजायचा तर आधी तोडा समजायला हवा. हल्ली पाचव्या महिन्यात केंद्रातून प्रत्येक गरोदर बाईला पायात घालायला एक रबरी कडं देतात. त्याचं कागदावरचं नाव लांबलचक आहे. बायका त्याला तोडा म्हणतात. तो पावलं मोजतो, आणि त्यापलीकडेही बरंच टिपतो. टाच किती जोरात टेकली, उजव्या आणि डाव्या पावलात किती वेळ गेला, अंग कुठल्या बाजूला किती कललं. अंगठ्याच्या ठशासारखीच प्रत्येक माणसाची चालही निराळी असते.

आता बाळाच्या बाजूनं बघायचं. ते पोटात पाण्यावर तरंगत असतं. कानाच्या आतला, तोल सांभाळणारा भाग जन्माच्या पुष्कळ आधी तयार झालेला असतो. आई चालली की त्याला हेलकावा बसतो, ती जिना चढली की वेगळा बसतो, ती थांबली की सगळं थांबतं. महिनोन्महिने हेच. मग एके दिवशी ते बाहेर येतं, आपण त्याला सपाट, स्थिर गादीवर ठेवतो आणि म्हणतो, झोप आता. ती स्थिरता आपल्याला सुखाची वाटते. त्याला मात्र काहीतरी बंद पडल्यासारखं वाटत असणार. तान्ह्याला घेऊन चालू लागलं की ते निवतं, हे कुठल्याही आजीला विचारा. नवा शोध एवढाच होता, की शेवटच्या दहा आठवड्यांतली आईची चाल बाळाला पाठ असते आणि दुसऱ्या कुणाच्याही चालीपेक्षा ती जास्त लागू पडते. पाळण्याच्या तळाच्या मोटारी तोड्यातली तीच चाल गादीखाली उठवतात. गादीतली पट्टी बाळाच्या छातीचे ठोके मोजते. ओळखीची चाल लागली की ठोके मंदावतात, अंग सैल पडतं, वारा सरतो, झोप लागते. ठोके किती झपाट्यानं उतरले त्यावरून ओळखीचा टक्का निघतो.

माझी मैत्रीण गौतमी, तिच्या मुलाचा टक्का अठ्ठ्याऐंशी होता. "सत्तरच्या खाली मी कुणाचा ऐकलाच नाही गं," ती फोनवर म्हणाली आणि मग घाईघाईनं दुसरं काहीतरी बोलली.

मी संख्याशास्त्र घेऊन एम.एस्सी. केलेलं. नऊ टक्के म्हणजे काय, हे न कळण्याची सोय मला नव्हती.

सांगलीच्या ज्या दवाखान्यात मी बाळंत झाले तिथं त्या दिवशी अकरा बाळं जन्मली होती. माझ्या मुलीला दोन तास उबेच्या पेटीत ठेवलं होतं. परत आणून दिली तेव्हा मी गुंगीत होते. तिच्या पायातली नावाची पट्टी मी वाचली नव्हती, आईनं वाचली होती का, तेही आता धड आठवत नव्हतं. माझ्या कानाच्या पाळ्या सुट्या, माझ्या नवऱ्याच्या, सौमित्रच्या, चिकटलेल्या, आणि हिची एक सुटी, एक चिकटल्यासारखी. तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही हे कळत असूनही मी रोज त्या पाळ्या बघत होते.

बारसं सव्वा महिन्यानंतरच्या रविवारी ठरलं होतं. मी म्हटलं, पुढं ढकलू.

"का?" आईनं विचारलं.

"सारखी रडतेय ना ती."

"रडक्या पोरीला नाव ठेवत नाहीत का? तुझ्या बारशाला तू इतकी रडलीस की तुझ्या आत्यानं कानात काय सांगितलं ते तिलाच ऐकू आलं नाही. तरी केतकीच झालीस ना?"

दुसऱ्या कुणाच्या मुलीला मी नाव कसं ठेवू, हे आईला सांगता येण्यासारखं नव्हतं.

रोज सकाळी बाळाला न्हाऊ घालायला बायाक्का येते. पाय पसरून बसते, पोरीला पायांवर पालथी घालते आणि तेल चोळते.

"काय म्हणतोय आज टक्का?" तिनं विचारलं.

"नऊच."

"आमच्या टायमाला एवढं मार्क पडलं की शाळा सोडून घरी बसवायचे." ती खो खो हसली. मग तिचा हात थांबला. मी मुलीच्या पायाची बोटं निरखत होते. "काय शोधतीस गं?"

"कुठं काय?"

"चाळीस वर्षं पोरं न्हाणतीय मी. आई पोराकडं असं नाही बघत. चोरी झालेल्या घरात माणूस असं बघतंय, काय गेलं, काय राहिलं."

मी उठून आत गेले. त्याच दुपारी मी औषधांच्या दुकानातून डीएनए चाचणीची पेटी मागवली. मुलीच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली, माझ्याही, आणि दोन्ही काड्या नळीत बंद करून नळी अळिवाच्या डब्यामागं ठेवली. दुसऱ्या दिवशी पाच वाजता कुरियरवाला येणार होता. सौमित्र हुबळीला असतो, शनिवारी येतो. त्याला सांगितलं नाही. सांगणार तरी काय? की बाप म्हणून तुला जिचे फोटो पाठवते ती बहुतेक आपली नाही?

खरं तर मला दोन्ही उत्तरांची भीती होती. ही माझी नसेल, तर माझी कुठं आहे? सांगलीत, नाहीतर आणखी कुठं, एक बाई आत्ता माझ्या मुलीला थोपटत असेल, आणि तिच्या पाळण्यावरही असाच आकडा येत असेल. आणि हिचं काय? दूध पिताना ही माझं करंगळीचं बोट धरून ठेवते. ते बोट सोडवून घेऊन हिला कुणाच्या हवाली करायची?

दुसऱ्या दिवशी ती साडेचारलाच सुरू झाली. मी पाळणा लावला आणि आईला म्हटलं, "जरा बस तिच्याजवळ. मी आलेच."

आई त्या यंत्राजवळ फिरकत नसे. मोटारीनं पोरं वाढवायची तर आया कशाला जन्माला घातल्या, हे तिचं म्हणणं. पण त्या दिवशी माझा चेहरा बघून ती मुकाट्यानं बसली. मी स्वयंपाकघरात जाऊन डब्यामागची नळी काढली, मुठीत धरली.

"केतकी," आईची हाक आली. "हे बंद कर."

"का? काय झालं?"

"बंद कर आणि परत लाव."

मी तसं केलं. आईनं पाळण्याच्या काठावर तळवा टेकवला आणि डोळे मिटले. मुलगी किंचाळत होती. आई मात्र गाण्यातलं काही पकडायचं असल्यासारखी मान तिरकी करून बसली होती.

"टप्... धटप्. टप्... धटप्," ती पुटपुटली. "डावा पाय मागून ओढल्यासारखा येतोय. बघ हात ठेवून. आणि मध्येच थांबतंय. चार पावलं, की थांबलं. आता वाकल्यासारखं झालं. परत निघालं." तिनं डोळे उघडले. "पस्तीस वर्षं जिन्यावर ऐकतेय मी हे. अगं, हे तुझे आप्पा चालतायत!"

मी हात ठेवला. चार दिवस मी पडदा बघत होते, आकडे वहीत उतरवत होते, पण पाळण्यावर हात ठेवून बघितलं नव्हतं. टप्... धटप्.

"अहो!" आई ओरडली. "इकडं या आधी!"

आप्पा हातात वर्तमानपत्र घेऊन आले. आईनं त्यांचा हात धरून पाळण्यावर ठेवला. आधी त्यांना काही कळेना. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला.

"केतकीचा तोडा तुम्ही घालत होतात?"

"ते... होय," आप्पा म्हणाले. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ना, पावलांचा आकडा असाच कमी, लाल राहिला तर दाखल करावं लागेल? हिचे पाय हे एवढे सुजलेले, चपलेत जात नव्हते. दिवसभर घालायची बिचारी, संध्याकाळी पाय शेकायला बसली की काढून खिडकीत ठेवायची. मी फेरीला निघायचो. म्हटलं, पावलं तर पावलं. हिची काय नि माझी काय."

"दहा आठवडे, आप्पा?"

"मध्ये दोन दिवस नाही. दाढ काढली होती तेव्हा."

आणि म्हणून डॉक्टरीणबाई दर वेळी मला म्हणायच्या, 'छान चालतेस हं.' मला वाटायचं, घरातल्या घरात चालते तेवढं पुरत असेल. ते मोजलंच जात नव्हतं. चालीच्या नोंदीसाठी सलग दहा मिनिटं चालावं लागतं, आणि ती सगळी मिनिटं आप्पांची होती. चौसष्ट वर्षांचा माणूस, डावा गुडघा आखडलेला, दर व्हॉल्व्हच्या झाकणापाशी सवयीनं थांबून वाकून बघणारा. ती चाल पाळणा इमानेइतबारे माझ्या मुलीला ऐकवत होता आणि विचारत होता, ही तुझी आई ना?

"पण मग सांगितलं का नाहीत?"

"तू बाळंत झालीस, तोडा परत दिला, विषय संपला. तो पाळण्यात जातो हे मला कोण सांगणार? मला वाटलं, पाळण्यात कंपनीची चाल भरलेली असते."

मी हसायला लागले. तेवढ्यात आईला माझ्या मुठीतली नळी दिसली. "हे काय आहे?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं, अकरा बाळं, उबेची पेटी, कानाच्या पाळ्या. आप्पा उंबऱ्यावर बसले. "म्हणजे माझ्या पायांपायी तू... पोरीला..." दारावरची घंटा वाजली. आप्पाच उठले. बाहेरून त्यांचा आवाज आला, "नाही हो, काही पाठवायचं नाही. चूक आमच्याकडचीच निघाली."

पण माझ्यातली संख्याशास्त्रवाली गप्प बसेना. आप्पांची चाल हिला ओळखता आली नाही, म्हणून माझी ओळखता येईल असं थोडंच ठरत होतं? नळी अजून माझ्या हातातच होती.

मी पाळण्याच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. सांगलीहून नसीमा शिकलगार नावाच्या तंत्रज्ञ बोलल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मिनिटभर फोन हातानं झाकून ठेवला. हसत असाव्यात.

"ताई, जुनी नोंद मी इथून पुसते. पाळण्याच्या खणात जादा तोडा आहे, तो घालून दहा मिनिटं सलग चाला. पण एक आहे. बाळंतपणानंतर चाल बदलते. पोटातलं वजन गेलं की पाठ सरळ होते, पावलं जवळ पडतात. बाळाला माहीत आहे ती जड अंगाची चाल. म्हणून पोटाशी चारेक किलो वजन बांधा."

"ज्वारीची पिशवी चालेल का?" आई फोनमध्ये डोकावून म्हणाली.

संध्याकाळचा शेक द्यायला आलेली बायाक्का शेगडी ठेवत म्हणाली, "ज्वारी कशाला? जे वजन होतं ते हाय की पाळण्यात, बोंबलतंय. तेच बांधा."

"हे बरोबर आहे," नसीमाताई म्हणाल्या. "हे आमच्या पुस्तिकेत नाही, पण बरोबर आहे. श्वास मोकळा राहील, नाक-तोंड दिसत राहील, असं बांधा."

घरात तर सलग आठ पावलंही होत नाहीत. गल्लीत जायला हवं होतं. आई आडवी आली. "सव्वा महिना व्हायला पाच दिवस आहेत अजून. उंबरा ओलांडायचा नाही."

"वहिनी, कानाला फडकं बांधा तिच्या आन् सोडा," बायाक्का म्हणाली. "वारं लागायचं ते कानालाच लागतंय."

आईनं तिची मऊ झालेली सुती साडी आणली. बायाक्कानं ती माझ्या दोन्ही खांद्यांवरून घेऊन मुलीला माझ्या छातीशी, पोटावर येईलशी बांधली. डोक्याला फडकं, पायात तोडा, आणि किंचाळणारी मुलगी, अशी मी तेहतीस दिवसांनी बाहेर पडले. पुढं आप्पा. हातातली काठी आडवी धरून येणाऱ्या-जाणाऱ्या स्कूटरी थांबवत होते.

"काय ओ आप्पा, मिरवणूक कसली?" कोपऱ्यावरच्या मंजुळाकाकूंनी विचारलं.

"चाचणी चालू आहे," आप्पा म्हणाले. "केतकी, पुढं झाकण आहे, डावीकडनं ये."

पहिली शंभरेक पावलं नुसतीच गेली. टाके ओढत होते. मुलीचा आक्रोश माझ्या छातीच्या हाडातून आत घुसत होता. हिला माझी चालही कळत नाही, मी मनात म्हटलं, आणि हात आपोआप तिच्या पाठीखाली गेला. मग वजनानं त्याचं काम केलं. कंबर पुढं झाली, पाठ मागं कलली, पावलं बाहेरच्या बाजूला फाकली. बदकासारखी चालतेस म्हणून सौमित्र चिडवायचा, तीच चाल. चालायला फारशी मिळाली नव्हती, पण खाटेपासून न्हाणीपर्यंत आणि न्हाणीपासून चुलीपर्यंत, तुकड्यातुकड्यानं, मी तेव्हा अशीच चालत होते. तोड्यानं मोजली नसली तरी ती पावलं पडलेली होती.

पिठाच्या गिरणीपाशी रडण्यात खंड पडला. एक हुंदका, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. मी तिच्याकडं न बघता चालत राहिले, कारण बघितलं तर मी थांबेन असं वाटलं. माझ्या गळपट्टीवरची तिची मूठ उघडली. एक मोठा वारा सरला, आप्पांनी मागं वळून बघावं एवढा मोठा. आणि मग ती एकदम जड झाली. झोपलेल्या मुलाचं वजन वाढतं, हे कुठल्याही काट्यावर दिसत नाही.

"दहा मिनिटं झाली ताई," खिशातल्या फोनमधून नसीमाताई म्हणाल्या. "या परत."

मी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊनच वळले.

घरी येऊन तिला सोडवून पाळण्यात ठेवलं तशी ती जागी झाली. तोंड वाकडं केलं, ओठ थरथरला. आम्ही सगळे श्वास धरून उभे. मोटारी सुरू झाल्या. पडद्यावर एकतीस आले. मग अठ्ठावन्न. तिनं एक सुस्कारा सोडला. एकोणऐंशी. तिचे डोळे अर्धे मिटले, पूर्ण मिटले. चौऱ्याऐंशी, आणि आकडा तिथंच राहिला. खालची ती ओळ गेली होती.

"पोरीपेक्षा हिलाच जास्त बरं वाटतंय," बायाक्का माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली. मी भिंतीला टेकून खाली बसले होते. आप्पा पाळण्याकडं न बघता पडद्याकडंच बघत होते आणि पुन्हा पुन्हा चष्मा पुसत होते. स्वयंपाकघरात कुकर शिट्टीला आला. आई इतक्या जोरात पळाली की आम्हाला वाटलं तीच पडणार. शिट्टी व्हायच्या आत तिनं गॅस बंद केला. नळी मी कचऱ्यात टाकली, डबा नीट जागेवर सरकवला.

मग सौमित्रला फोन केला. आईनं पुढ्यात भाताचं ताट ठेवलं होतं. एका हातानं जेवत, हळू आवाजात मी त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता चिडणार.

"केतू," तो म्हणाला, "आठवड्यापूर्वी तू त्या आकड्याचं सांगितलंस ना, तेव्हापासून मी तुझे लहानपणचे फोटो तिच्या फोटोशेजारी लावून बघतोय. जेवणाच्या सुट्टीत. तू खचशील म्हणून बोललो नाही."

"आकडा चारच दिवसांपूर्वी आला, सौमित्र."

"मग चार दिवसांपासून. मला तो आठवडाच वाटला."

"आणि काय दिसलं?"

"नाक आप्पांचं आहे," तो म्हणाला. "शंभर टक्के."

मला हसू आलं. पाळण्यातून काही आवाज येतो का म्हणून मी कान दिला. काही नाही. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते आणि घरात काहीही आवाज नव्हता. सौमित्र पुढं काहीतरी बारशाचं बोलत होता, नावांची यादी वगैरे.

पुढचं आईनं नंतर सांगितलं. घास माझ्या हातातच राहिला आणि मान भिंतीवर टेकली. फोन मांडीवर घसरला. त्यातून सौमित्रचं "हॅलो, हॅलो" चाललं होतं. आईनं तो उचलला आणि कुजबुजली, "झोपली."

"बाळ झोपलं? इतक्या लवकर?"

"दोघी," आई म्हणाली आणि फोन बंद केला.